तेवढी एक फरशी

वायरमन गोवर्धनने नव्या ओव्हनचा प्लग हातात घेतला, भिंतीवरच्या जुन्या बोर्डाकडे पाहिलं आणि प्लग परत खोक्यावर ठेवून दिला.

“नाई जमत, वहिनी.”

हर्षाचा चेहराच उतरला. सोमवारपासून शिकवणीवर्गाच्या कँटीनला रोज दीडशे पॅटिस द्यायचे होते. त्यासाठीच तिने लहान ओव्हन काढून हे मोठं आणलं होतं. जुनं तर हात लावला की झटका द्यायचं. ती पायात रबरी चप्पल घालून त्याच्यापुढे उभी राहायची आणि त्यालाच काळजी घेणं म्हणायची.

“वायर पातळ आहे, ते मले समजते,” ती म्हणाली. “जाड टाका ना.”

“जाड टाकतो. मीटरपासून सेपरेट लाइनबी ओढून देतो. पण घरात अर्थिंगच नाई दिसत. एवढं मोठं लोखंडी धूड. उद्या त्याच्या अंगात करंट उतरला, तं जमिनीत जायले रस्ता पाह्यजे. नाई तं तुमच्या अंगातून जाईन. आंगण खोदा लागते.”

अंगणात मागच्याच आठवड्यात फरशी बसली होती. कोपऱ्यातली एक तेवढी सोडून. ती सासूबाईंनी, तानुबाईंनी, बसू दिली नव्हती. भांडी विसळलेलं पाणी त्या रोज तिथेच नेऊन ओतत. त्या चिखलावरून सासू-सुनेचं आठ दिवस बोलणं बंद होतं.

“त्या कोपऱ्यात खोदा,” हर्षा गोवर्धनला म्हणाली, पण ऐकवलं दाराकडे. “तेवढी एक जागा रिकामीच ठेवली आहे घरच्यांनी.”

दारात बसलेल्या तानुबाईही गोवर्धनशीच बोलल्या. “तिथं हात नाई लावाचा, सांगून ठेवतो. शिवमच्या बाबानं, हिच्या सासऱ्यानं सांगतलं होतं, इथं रोज पानी टाकत जाय. त्याइले जाऊन एकोणीस वर्सं झाले. एक दिवस नाई चुकली मी.”

“पण काहून, काकू?”

“काहून म्हून मी नाई विचारलं. त्याइनं खड्डा केला, त्यात मीठ टाकलं, कोयसा टाकला, अन देला बुजवून.”

हर्षाने कपाळाला हात लावला. मीठ आणि कोळसा, म्हणजे नजरेचा तोडगा! लग्न झाल्यापासून तिला तोच संशय होता.

गोवर्धन मात्र उठून उभा राहिला. “मीठ अन कोयसा? जराशी माती उकरून पाह्यतो, काकू.”

तो स्क्रूड्रायव्हर घेऊन अंगणात गेला. कुंपणापलीकडे उन्हाने काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. कोपऱ्यातली माती मात्र मऊ होती. वीतभर उकरल्यावर खण्णकन आवाज आला. लोखंडी पायपाचं तोंड.

“काकाले समजत होतं,” गोवर्धन म्हणाला. “अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोयसाच टाका लागते. अन आपली काळी माती. वाळली का तडकते अन पायपाले सोडून देते. म्हून पानी. इथून सैपाकघरात गेलेली वायर भिंतीतच तुटली असन कुठंतरी. ते माह्याकडं लागलं.”

त्याने पिशवीतून शंभरचा बल्ब काढला. होल्डरची एक वायर बोर्डात घातली, दुसरी लांब ओढून पायपाला टेकवली.

“दाबा बटन, वहिनी.”

भर उन्हात बल्ब लख्ख पेटला.

“अर्थिंगचं मीटर आणून मापतोच,” गोवर्धन म्हणाला. “पण बल्ब पेटला म्हंजे करंट जमिनीत चालला, जित्ती हाये अर्थिंग. सोमवारी पॅटिस जातीन तुमचे.”

हर्षाला आनंद झाला आणि तितकीच लाजही वाटली. आठ दिवस तिने याच कोपऱ्यावरून सासूशी बोलणं टाकलं होतं. ती आत गेली. गोवर्धनने वायर गुंडाळून ठेवेपर्यंत ती भांड्यांच्या पाण्याची बादली घेऊन बाहेर आली, आणि कोपऱ्याशी उकिडवी बसून पाणी ओतू लागली.

तानुबाई दारातून उठून जवळ आल्या.

“कडंकडंनं टाक,” त्या सुनेला म्हणाल्या. “मधात खड्डा पडते.”