वडीवरच्या रेघा

दाराला कडी नव्हती, पण उंबऱ्यावर कारभारी बसले होते. कडीची गरजही नव्हती. नगरच्या दवाखान्यातल्या त्या खोलीत त्यांची सून राहीबाई बाकावर अंग चोरून बसली होती. शेजारी नवरा, बन्सी. बापापुढं त्याची जीभ कधी उचललीच नव्हती.

टेबलावर खरवसासारखी पांढरी वडी होती. तिच्या एका टोकाला तिघांचं रक्त लावून तपासनीस विमलबाईंनी वीज सोडली होती. दोन वर्षांचा गोरख, बन्सी आणि राहीबाई.

दोन बाळं दगावल्यावर कारभारी बन्सीसाठी दुसरी बायको बघायला निघाले होते. तेवढ्यात तिसऱ्या बाळंतपणाला गेलेली राहीबाई भंडारदऱ्याकडल्या माहेराहून गोरखला घेऊन आली आणि तिचा संसार वाचला. आता त्याच पोराच्या हातापायांत कळा येत, ते विव्हळत राही. हे दुखणं सुनेच्याच घरातलं, याबद्दल कारभारींना शंका नव्हती. डॉक्टरांच्या तोंडून ऐकायचं तेवढं राहिलं होतं.

"चांगलं रक्त पुढं सरकतं, दोषाचं मागं रेंगाळतं," डॉक्टर म्हणाले. "मागच्या तपासणीत पोराची एकच रेघ उमटली, मागची. म्हणजे दोष आईबाप दोघांकडून आलाय. दोघांच्याही दोन-दोन रेघा उमटतील."

"बन्सीचं रगत साफ निघंल, बघा."

डॉक्टर चष्मा पुसत राहिले. "साफ निघालं, तर पोर त्याचं नाही."

राहीबाईच्या हातातला पदर पिळला गेला. कारभारी तिच्याकडं वळले.

"तसं निघालं तर तू अन् तुझं पोर, दोघं आजच म्हायेरची यष्टी धरायची."

"मामंजी, घरी जाऊ. पोर रडत आसंल."

"त्याच्यापाशी त्याची आजी हाय. रेघा दिसल्याबिगर कुनी हलायचं न्हाई."

ती खिडकीकडं बघत राहिली. खिडकीला गज होते. वडीवरचा लालसर रंग मुंगीच्या पावलांनी सरकत होता आणि तिला धड रडताही येत नव्हतं. या बाईनं काहीतरी केलंय, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळून चुकलं होतं.

दुपार कलली तेव्हा विमलबाईंनी वीज बंद केली.

बन्सीची रेघ एकच होती. पुढची.

बन्सी बाकावर हातभर लांब सरकला. त्याचं ते सरकणं राहीबाईच्या काळजाला झोंबलं.

"ऊठ," कारभारी म्हणाले. "आमचा उंबरा तुमा दोघांना बंद."

"थांबा," विमलबाई म्हणाल्या. "साहेब, बाईंची रेघ बघा."

डॉक्टर वाकले. तिचीही एकच. पुढची.

"असं कसं? बाप कुणीही असो, आईच्या तरी दोन हव्यात. रक्ताच्या नळ्यांची अदलाबदल झाली का?"

"नाही, साहेब."

राहीबाईनं दिवसभरात पहिल्यांदा मान वर केली.

"रेघ बराबर हाय, डाक्टर. मामंजी, माझं तिसरंबी बाळ म्हायेरी आठव्या दिशी गेलं. दुष्काळी कामावर मेलेल्या एका बाईचं हे पोर आत्याबाईंनीच, तुमच्या कारभारनीनं, तितं यिऊन माझ्या वटीत घातलं. म्हनल्या, तुझ्या सासऱ्याला कळू दिऊ नगं."