हिरवं जाकीट

हॉलंडमधल्या लायडनचा योस्ट स्वतःचंच चित्र काढत होता: कामात गढलेला चित्रकार, समोर हिरव्या लोकरी जाकिटात बसलेली त्याची बायको माख्टेल्ड. तिला ताप भरला, तेव्हा तिनेच जाकीट उतरवून माणसाएवढ्या लाकडी बाहुलीला घातलं होतं. “मी बरी होईपर्यंत हिला बसव. ही ‘झालं का, झालं का’ करणार नाही.” त्याच तापात ती गेली, तरी बाहुली बसूनच राहिली. कालवे गोठले, तशी योस्टची बहीण वर त्याच्या चित्रांच्या खोलीत आली. “दादा, अजून बाहीच रंगवतोयस? तुझी पोर खाली कुडकुडतेय. लाकडाला कसली रे थंडी?” “चुण्या मोडतील,” तो पुटपुटला. “तिच्या हातच्या आहेत.” बहिणीने एकेक बंद सोडला आणि जाकीट खाली नेलं. योस्ट बाहुलीच्या उघड्या खांद्यांकडे बघत राहिला. मग स्वतःचा कोट काढून त्याने तिला घातला, गळ्याशी सावरला. “झालंच हं,” तो म्हणाला.