एकोणिसावी चाचणी

केतकीने लाइव्ह कॅमेऱ्यासमोर बोट टोचलं आणि रक्ताचा थेंब पट्टीवर ठेवला. तिचे पिळदार स्नायू औषधं घेऊन कमावलेत, असं म्हणणाऱ्यांसाठी या वर्षातली ही एकोणिसावी चाचणी. पट्टी हिरवी झाली, म्हणजे शरीरात कुठलंही औषध नव्हतं.

तरी कॉमेंट आलीच, "मग जनुकं बदललेली असणार. ती तपासून दाखव."

अकरा वर्षं रोज पहाटे वजनं उचलणारी केतकी संतापली. तिने तीही तपासणी करून घेतली. तीन दिवसांनी अहवाल आला. स्नायूंचं एक जनुक बाहेरून बसवलेलं होतं.

"लॅबवाल्यांनी घोळ घातलाय!" ती स्वयंपाकघरात येऊन ओरडली.

आईने गॅस बंद केला. "घोळ नाही गं. तू अडीच वर्षांची होतीस. स्नायू झिजत चालले होते, उभंही राहता येत नव्हतं. डॉक्टरांनी नव्या जनुकाचं एकच इंजेक्शन दिलं."

"मग मला सांगितलं का नाहीस? हे शरीर निव्वळ मेहनतीचं, असं लाखो लोकांना मी छातीठोकपणे सांगत आले!"

"तू धावायला लागलीस. मला त्या आजाराचं नावही पुन्हा काढायचं नव्हतं."

संध्याकाळी केतकीने कॅमेऱ्यासमोर सगळं सांगून टाकलं. "यात माझी मेहनत किती, हे आता मलाही ठाऊक नाही," ती म्हणाली आणि शिव्यांची वाट बघत बसली.

पहिली कॉमेंट एका वडिलांची होती. "मॅडम, माझा मुलगा अगदी धडधाकट आहे. त्याला हे इंजेक्शन कुठे मिळेल?"

ती चिडून उत्तर लिहायला लागली, पण तोवर तोच प्रश्न आणखी चारशे जणांनी विचारला होता.