संध्याकाळची हजेरी

कल्पना करा, बाळांनो. भर दुपारची वेळ आहे. दौंडहून शिरूरला जाणारी एसटी नुकतीच निघाली आहे आणि तुम्ही मागच्या सीटवर बसला आहात. तुमच्या पुढेच अनिता आणि तिची लेक तेजश्री बसल्या आहेत. लेक आईपेक्षा बोटभर उंचच. पायांशी पत्र्याची पेटी, पेटीत पांढरा गणवेश आणि पांढरे बूट.

"निमोणे. दोन हाफ," अनिता म्हणाली.

बायकांना सगळ्यांनाच अर्धे तिकीट. कंडक्टरने मान वर करून पाहिलेही नाही.

अनिताच्या कानात अजून वसतिगृहाच्या मोठ्या बाईंचे शब्द घुमत होते. "संध्याकाळच्या हजेरीपर्यंत मी नाव कमी करत नाही. मन बदललं तर या."

पेटीच्या झाकणावर नर्सिंगच्या वसतिगृहाचे नाव रंगवलेले होते. अनिताने त्यावर पिशवी ठेवली. पहिल्याच गतिरोधकाला पिशवी घसरली, आणि शेजारी टेकलेल्या कारेगावच्या विठाबाईंनी नेमके ते वाचले.

"लेक शिस्टर व्हणार व्हय?"

"जागा सोडली," अनिता पेटीकडे बघत म्हणाली.

"आगं बया! का?"

"सुई धरली की हात थरथरतो. वर्गात मुली हसतात."

विठाबाई पुढे वाकल्या आणि तेजश्रीला धारेवर धरले.

"काय गं ए भवाने? सरकार फुकट शिकवतंय, खाऊ-पिऊ घालतंय. बदल्यात मागतंय काय, तर शिकून झाल्यावर थोडी वर्सं खेड्यापाड्यातल्या बायाबापड्यांना बघ. माझी भाची वाटंतच टेम्पोत बाळंत झाली. संगं एक शिस्टर न्हवती! आन् तू हसण्याला भिऊन पळालीस?"

तेजश्रीने आईकडे पाहिले.

अनिताने मधे एक शब्द बोलायला हवा होता. ती घसरलेली पिशवी पुन्हा पेटीवर ठेवू लागली. कान मात्र तापले.

"चुकलं, आजी," तेजश्री हळूच म्हणाली.

"चुकलं म्हंजी? आईकडं बघ जरा. तोंड वर करंना झालीय बिचारी. कुणापायी?"

अनिताने पदर आणखी पुढे ओढला. धरणी दुभंगली असती तर ती पेटीसकट आत गेली असती.

थोड्या वेळाने विठाबाईंचा आवाज खाली आला. कपाळावर घाम फुटला, मान कलली.

अनिताची बोटे आपसूक त्यांच्या मनगटावर गेली. नजर घड्याळावर.

"साखरेची गोळी घेतली होती का?"

"घेतली की. जेवायचं ऱ्हायलं."

अनिताने पिशवीतला गूळ काढून त्यांच्या तोंडात घातला, खिडकी उघडली, पदराने वारा घातला. पुन्हा नाडी पाहिली. तेजश्री आईच्या हाताकडे टक लावून बघत होती. तो हात जराही हलत नव्हता.

चौफुला येईस्तोवर विठाबाईंना तरतरी आली, आणि जिभेलाही.

"बघ पोरी! तुझ्या आईला यवढं कळतंय. हिला शिकाय मिळालं असतं तर हिनं अशी जागा सोडली असती व्हय?"

अनिताने डोळे मिटून घेतले.

बस चौफुल्याला थांबली. समोर दौंडकडे जाणारी गाडी उभी होती. तेजश्री उठली, पेटी उचलली आणि भराभरा खाली उतरली.

"हां, आता कशी लाज वाटली!" विठाबाई खूश झाल्या. "चालली बघा माघारी."

तेजश्रीने पेटी रस्त्याच्या कडेला ठेवली. मग ती खिडकीखाली आली, टाचा उंच केल्या आणि हात वर केला.

"आई, उतर लवकर. माझी नववीची शाळा मी बघते. तुझी हजेरी चुकेल."