विचारायला बंदी असलेला प्रश्न

“आता शेवटचा प्रश्न. खरं तर तो विचारायला मला बंदी आहे,” असं म्हणून हिन्रिक्सनी तो विचारलाच. “तुम्हाला दिवस गेलेत का?”

शेजारी येल्टन बाई बसल्या होत्या. हिन्रिक्सच्या कचेरीचं सगळं त्याच पाहायच्या. त्यांनी डोळे मिटून घेतले.

“साहेब, कितीदा सांगू? हे विचारायचं नसतं. आणि विचारलंतच तर समोरच्या बाईला खोटं बोलायचा हक्क आहे. कोर्टाने दिलाय.”

“ठाऊक आहे हो. म्हणून तर विचारतोय. बघू या तरी, कशा बोलतात ते.”

समोर मारेइके ओल्टमान्स चहाचा कप धरून बसली होती. पहिलाच कप. तळाशी खडीसाखर अजून तडतडत होती, वरची साय मोडली नव्हती. आउरिश गावात मुलाखत असो की मयत, तीन कप झाल्याशिवाय कोणी उठत नाही. आणि या प्रश्नापर्यंत सगळं झकास चाललं होतं. हिन्रिक्सचा धंदा वजनकाटे तपासण्याचा. खाटकाच्या दुकानातले, पोस्टातले, गिरणीवर अख्खा ट्रक तोलणारेसुद्धा. मारेइकेला हे काम येत होतं. आधीची कंपनी गाशा गुंडाळेपर्यंत तिने तेच केलं होतं. ही नोकरी तिला हवी होती, आणि नुसती हवी होती असंही नाही. दिवसभर घरात बसून तिला घर खायला उठलं होतं. सकाळी उठून कुठे तरी जायचं, कोणाचे तरी काटे तपासायचे, दमून परत यायचं, एवढंच तिचं मागणं होतं.

“नाही,” ती म्हणाली.

हा प्रश्न येणार हे तिला माहीत होतं. चौतिशीच्या, लग्न झालेल्या आणि मूल नसलेल्या बाईकडे तो या ना त्या वाटेने येतोच. आवाज न हलू देता एवढा एक शब्द म्हणता यावा, म्हणून ती सकाळी आरशासमोर उभी राहून तोच घोकत होती.

हिन्रिक्स खुर्चीत मागे रेलले आणि मनापासून हसले. “येल्टन बाई, यांच्या आधी या जागेवर होती ती रेन्स्के काय म्हणाली होती हो?”

“नाही म्हणाली होती.”

“आणि तिच्या आधीची?”

“तीही नाहीच म्हणाली होती. साहेब, पुरे झालं.”

“पुरे कसं? एक उन्हाळ्यात रजेवर गेली, दुसरी नाताळाच्या तोंडावर. दोघी आता बाजारात बाबागाड्या ढकलतात आणि मला लांबून हात करतात.” ते मारेइकेकडे वळले. “माझा राग पोरांवर नाही बरं का. मला स्वतःला चार आहेत. पण माझं अख्खं आयुष्य खरं वजन आणि खोटं वजन ओळखण्यात गेलंय. कोणी तोंडावर खोटं बोललं की मला लगेच कळतं. तुमचंही कळलं.”

“काय कळलं?”

“आवाज जरासा बसला तुमचा.” त्यांनी किटली उचलली. “तुम्हाला दोष देत नाही मी. हक्कच आहे तुमचा. पण पुन्हा पुन्हा फसायला मी काही खुळा नाही. असो. चहा तरी घ्या आणखी.”

म्हणजे कारभार आटोपला होता. कायद्याने बायकांना खोटं बोलायची मुभा काय दिली, त्यांच्या ‘नाही’ला आता कोणी कुत्रं विचारत नव्हतं. किटली जवळ आली तशी मारेइकेने चमचा उचलला आणि कपात ठेवून दिला. पुरे, आता नको, असा त्याचा अर्थ तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतो. पण पहिल्याच कपाला चमचा ठेवायचा म्हणजे यजमानाच्या तोंडावर दार आपटण्यासारखंच. येल्टन बाई बघतच राहिल्या. मारेइकेच्या डोक्यात तिडीक गेली होती आणि आता तिला कशाचीच पर्वा नव्हती.

“बरं, गेलेत दिवस,” कोट अंगात घालत ती म्हणाली. “झालं समाधान? येते मी.”

हिन्रिक्सची किटली हवेतच राहिली. मग त्यांनी ती हळूच खाली ठेवली. त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला होता.

“बसा. बसा हो. येल्टन बाई, ऐकलंत ना? इतक्या वर्षांत ही पहिली बाई, खोटं बोलायचा हक्क असून खरं बोलली. नोकरी यांची.”

“पण साहेब, या तर काही महिन्यांतच रजेवर जातील.”

“जाऊ देत की. तोवर आपण दोघं ओढू. रजेवरून माणूस परत येतं, खोटं बोलणाऱ्याचा भरवसा कुठून आणायचा?”

मारेइके अर्धा कोट अंगात, अर्धा लोंबता, तशीच उभी होती. तिने काही बोलायला तोंड उघडलं. बाहेर फेब्रुवारीचा करडा उजेड होता, पाचलाच मावळायला आलेला. तिला घर आठवलं, आणि ती खाली बसली. हिन्रिक्सनी स्वतःच्या हाताने तिच्या कपातला चमचा काढून बशीत ठेवला आणि चहा ओतला.

“तारीख काय दिलीय?” त्यांनी मायेने विचारलं. “रजेचं बघायला हवं ना. अंदाजे सांगितलीत तरी चालेल.”

“नऊ ऑगस्ट.”

“बघा,” ते येल्टन बाईंना म्हणाले, “खरं बोलणाऱ्या माणसाला विचार करावा लागत नाही.”

ते मात्र सोळा आणे खरं होतं. मारेइकेला विचार करावा लागला नव्हता. ही तारीख डॉक्टरांनी तिला डिसेंबरात दिली होती. जानेवारीत बाळ गेलं, तारीख तेवढी पाठ राहिली.