तिकिटं जोडू नका

"ताई, गेट परत अडकलं," पहारेकरी फोनवर म्हणाला. "गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत गेलीय."

"बंद करून चालू करा."

गेट उघडलं. ताईने तिकीट बंद केलं.

त्या पार्सल कंपनीत संगणकाच्या प्रत्येक तक्रारीला तिकीट म्हणत, आणि साहेबांचा नियम एकच होता: आलेलं तिकीट सोडवा, बंद करा, पुढचं घ्या. एक तिकीट दुसऱ्याला जोडायचं नाही. कधी वजनकाटा गोठे, कधी लेबलवर भलत्याच गावाचा पत्ता छापून येई, कधी गेट रुसून बसे. तीच ती दुखणी फिरून फिरून येत, आणि साहेब म्हणत, "ज्याचं त्याला औषध द्या. खोदत बसू नका."

खोदू नका म्हणणाऱ्याच्या अंगणातच काहीतरी पुरलेलं असतं, असं ताईचं मत होतं.

मत कसलं, रागच होता तिचा साहेबांवर. तिचा धाकटा भाऊ याच ऑफिसात कामाला होता. एके दिवशी सगळ्या पार्सलांच्या नोंदी पुसल्या गेल्या आणि साहेबांनी खापर त्याच्या डोक्यावर फोडून त्याला घरी बसवलं. "मी काही केलं नाही, ताई," एवढंच तो म्हणाला. त्यानंतर त्याला कोणी दारात उभं करेना. घरात बसून तो शेजाऱ्यांचे मोबाइल दुरुस्त करी आणि भिंतीकडे तोंड करून झोपे. ताईने मनाशी गाठ बांधली होती. भावाचं नाव ज्याने घालवलं, त्याचं नाव चारचौघांत मातीत घालायचं. त्याशिवाय तिचा जीव थंड होणार नव्हता.

म्हणून जेवणाच्या सुट्टीत ती चोरून तिकिटं जोडू लागली.

आधी मशीनप्रमाणे गट पाडले. काही निघेना. मग ड्युटीवरच्या माणसांप्रमाणे पाडले. त्यात लेबलवाल्या बाईंवर उगाच संशय घेतला आणि मनातल्या मनात त्यांची माफी मागितली. शेवटी तिने वेगळाच प्रश्न विचारला. मशीन बिघडण्याआधी त्याला हात कोणाचा लागला? आणि सगळी तिकिटं एकाच खुंटीला येऊन लटकली. प्रत्येक वेळी, थोडंसं आधी, कोणीतरी कंपनीबाहेरून, पासवर्ड टाकून, दुरुस्तीच्या खात्यात शिरलं होतं.

बाहेरून शिरायची परवानगी दोघांनाच होती. कंपनीने घरी दिलेल्या लॅपटॉपवरून सुट्टीच्या दिवशी तक्रारी सांभाळणाऱ्या ताईला, आणि अर्धा दिवस या ना त्या शाखेत फिरणाऱ्या साहेबांना. खातं दोघांत एकच. आपण नाही, हे तिला ठाऊक होतं. मग उरलं कोण, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

संध्याकाळी घरी गेल्यावर भावाने रोजच्यासारखं विचारलं, "आज काय ऑफिसात?"

"गेट अडकलं. साहेब डोक्याला हात लावून बसले होते."

भाऊ हसला. हल्ली तो एवढ्याच गोष्टींवर हसे, म्हणून ताई त्या मीठमसाला लावून सांगे. त्याचं हसू बघून तिचं मन भरून आलं. तिकिटं जोडल्याचं मात्र तिने त्याला सांगितलं नाही. काम फत्ते झालं की एकदमच सांगायचं होतं.

साहेबांना कुणकुण लागलीच. त्यांनी तिला खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"ताई, हे सोडून द्या. तुमच्याच भल्याचं सांगतोय."

"माझ्या भावाचंही असंच भलं केलं होतंत."

साहेब खाली बघत राहिले. चोराच्या मनात चांदणं, ताई मनाशी म्हणाली आणि सरळ मालकांकडे गेली.

दुसऱ्या दिवशी मालकांनी बैठक घेतली. मालक, साहेब, ताई आणि कोपऱ्यात आपल्या स्क्रीनपुढे नेटवर्कवाला. ताईने एकेक गट उलगडून दाखवला. आवाज जरासुद्धा कापला नाही. किती दिवस ती हे बोलणं अंथरुणात पडल्या पडल्या घोकत होती.

"म्हणजे हे कोणीतरी मुद्दाम करतंय," मालक म्हणाले.

"मुद्दामच. आता माफी नको, बदली नको. पोलिसांना बोलवा. माझ्या भावाला हाकलताना कोणी दया दाखवली नव्हती."

मालकांनी साहेबांकडे पाहिलं. "तुमचं काय म्हणणं?"

"काही नाही. फक्त पोलीस नकोत, एवढं बघा."

"नको कोण म्हणतंय, ते बघा," ताई म्हणाली. तिला इतकं बरं वाटलं की ती खुर्चीत मागे रेलून बसली.

मालकांनी फोन लावला. ठाणेदार ओळखीचे निघाले. मालक त्यांना हकीकत सांगत होते, तेवढ्यात टेबलावरचा दुसरा फोन वाजला. ताईने उचलला.

"ताई, गेट अडकलं," पहारेकरी म्हणाला. "काटाही बंद पडलाय."

तिने साहेबांकडे पाहिलं. साहेबांचे दोन्ही हात टेबलावर होते आणि त्यांचा लॅपटॉप मिटलेला होता.

"आत्ता कोणीतरी आत शिरलंय," नेटवर्कवाला म्हणाला. बोटं भराभरा चालवून तो थांबला. "थेट चालू आहे. कुठल्या लॅपटॉपवरून, तेही दिसतंय."

"कोणाच्या?" मालकांनी विचारलं.

नेटवर्कवाल्याने ताईकडे पाहिलं. "ताईंना घरी दिलेल्या."

साहेबांनी डोळे मिटून घेतले.

मालकांनी फोनवर हात ठेवला. "ताई, ठाणेदार पत्ता विचारतायत," ते हलक्या आवाजात म्हणाले. "तुमच्या घरी आत्ता कोण आहे?"