झाकणाआडची तारीख

लातूरच्या दस्तगीरचाचांनी महागड्या स्विस घड्याळाचं झाकण उघडलं. समोर कोचिंगवाले महारुद्र सर मोबाईलवर शूटिंग करत होते. “नव्या पोरांना नुसत्या नावाचं वेड, चाचा. हे वडिलांनी दुबईहून आणलेलं. आमच्या घड्याळवेड्यांच्या ग्रुपवर आतली मशीन दाखवायची हाय.” चाचा थबकले. दुरुस्त केलेल्या प्रत्येक घड्याळाच्या झाकणाआड ते सुईनं गिऱ्हाइकाचं नाव आणि तारीख कोरत. इथं त्यांच्याच अक्षरात होतं: हणमंतराव, किल्लारी, २९-९-९३. विसर्जनाच्या त्या संध्याकाळी हणमंतराव हेच घड्याळ बांधून गावी गेले आणि पहाटेच्या भूकंपात गाडले गेले. “भूकंपात वडील कुठं होते, सर?” “किल्लारीतच. ढिगारे उपसायला पहिले तेच धावले. सत्कार झाला त्यांचा.” चाचांचा अंगठा अक्षरांवर घट्ट बसला. “काय लपवायलात, चाचा?” सरांनी हसत मोबाईल जवळ आणला. चाचांनी नजर वळवून अंगठा उचलला.